रंगवलेले वीर

गावात मला तोंडावर ‘बाई’ म्हणतात, कारण कोरेगावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली. पाठीमागे ‘दगडवाल्या बाई’ म्हणतात. त्याला कारण आमच्या महादेवाच्या देवळापुढचे सोळा वीरगळ. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. खालच्या चौकटीत माणूस पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, त्याच्या वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सोळांपैकी एकावर अक्षरं आहेत. अक्षरं होती असं म्हणायला हवं, कारण त्यातली एक ओळ आता नाही. ती माझ्यामुळे गेली. मला एका माणसाचा हेवा वाटत होता, दुसरं काही कारण नाही.

तो माणूस म्हणजे माझा चुलत दीर. सुभेदार म्हणून पलटणीतून निवृत्त होऊन आला. मी त्यांना भाऊजी म्हणते.

भाऊजी यायच्या आधीची वीस-बावीस वर्षं ते दगड माझे होते. माझे म्हणजे काय, तर दुसरं कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. दर रविवारी मी बादली आणि केसांचा मऊ ब्रश घेऊन जायची, शेवाळ धुवायची, मापं घ्यायची. दोनशे पानी वहीत प्रत्येकाचं चित्र काढलं होतं, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे त्याचा नकाशा केला होता. अक्षरांच्या दगडाचा ओल्या कागदावर ठसा घेतला आणि कागद गुंडाळून एसटीनं सांगलीला गेले. तिथे जुनं कानडी वाचणारे एक म्हातारे सर होते. माझं माहेर जतकडचं, बाजारापुरतं कानडी मला कळतं, पण दगडावरचं कानडी वेगळं. सरांनी तीन खेपांत सगळं वाचून दिलं. गावची गुरं हाकून नेली, ती सोडवायला हा गेला, गुरं परत आली, हा आला नाही. इतकंच. नावाच्या जागी दगड फुटलेला. सर नंतर दोन वर्षांनी गेले. ठसा आणि त्यांचं वाचन माझ्या वहीत राहिलं.

आमच्या ह्यांना या सगळ्याची गंमत वाटायची. रविवारी मी निघाले की म्हणायचे, जा, पोरं आंघोळीची खोळंबली असतील. पुरातत्त्व खात्याला मी किती अर्ज केले त्याला गणती नाही. कुणी आलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर कुणी भावसुद्धा विचारला नाही.

मग तीन वर्षांपूर्वी जत्रेत भांडण झालं. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी. वेशीपाशी पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून सुरू झालं आणि डोकी फुटेपर्यंत गेलं. महिनाभर पोलिसांची गाडी स्टँडवर उभी होती. केसेस झाल्या, जत्रा बंद पडली, एका आळीचा माणूस दुसऱ्या आळीतल्या गिरणीत दळण टाकेना. त्यातच कुणाच्या तरी डोक्यात आलं की वीरगळ आपल्या पूर्वजांचे आहेत. वरच्या आळीनं एका दुपारी ट्रॅक्टर लावून नऊ दगड उपटून नेले आणि तालमीच्या दारात टाकले. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीनं उरलेले सात समाजमंदिरामागे नेले. एकाचे दोन तुकडे झाले. देवळापुढे नुसते खड्डे राहिले.

मी दोन्हीकडे गेले, हात जोडले. खालच्या आळीतल्या, माझ्याच वर्गात बसलेल्या एकानं विचारलं, “बाई, तुमी आदी सांगा, तुमी कुटल्या आळीच्या?” मी वरच्या आळीची सून. तिथेच बोलणं संपलं. घरी येऊन मी रडले. पोरं खोळंबली असतील, हे वाक्य ह्यांनी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

दीड वर्षानं भाऊजी आले. त्यांना वीरगळ कशाशी खातात हे माहीत नव्हतं. एका संध्याकाळी चहाला आले आणि सहज विचारलं, वैनी, तालमीपुढं दगडं कसली पडल्यात? मला विचारणारं माणूस मिळालं की मी सुटते. तासभर सांगितलं. गुरांची गोष्ट सांगितली, नाव फुटल्याचं सांगितलं. ते ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, म्हंजी आमच्यातलाच की.

आठ दिवसांनी त्यांनी मारुतीच्या पारावर दोन्ही आळ्यांतले निवृत्त फौजी बोलावले. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे तीस-बत्तीस जण जमले. बायकाही कडेनं उभ्या होत्या, मीही होते. भाऊजी फार बोलले नाहीत.

“ह्यो ड्युटीवर गेला आन् न्हाई आला,” ते म्हणाले. “ह्येचं नाव कुनाला ठावं हाय? वरच्या आळीचा का खालच्या? न्हाई ना ठावं? मग गुरं कुनाची सोडवली ह्येनं? गावाची. आन् आपुन त्येला उपटून तालमीच्या दारात पाडलाय.”

एका म्हाताऱ्या हवालदारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. प्रत्येक शब्द माझा होता. गुरं माझी, फुटलेलं नाव माझं, सांगलीच्या खेपा माझ्या. ‘वैनीनं सांगितलं’ एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून आले असते तर काय बिघडलं असतं? आणि त्याहून मोठं दुखणं असं की मी हेच बावीस वर्षं सांगत होते आणि कुणी टोपी काढली नव्हती. आळी तीच, आडनाव तेच, गोष्ट तीच. मग त्यांचं ऐकलं आणि माझं नाही, ते का? मी बाई म्हणून? मास्तरीण म्हणून? की मला सांगताच येत नव्हतं? हा शेवटचा प्रश्न मी लगेच बाजूला सारला.

पुढचं काम त्यांनी पलटणीच्या शिस्तीत केलं. वरच्या आळीतले दगड खालच्या आळीनं आणायचे आणि खालच्या आळीतले वरच्यांनी. म्हणजे एकमेकांच्या गल्लीत पाय ठेवायलाच हवा, आणि ज्यांच्या दारातून दगड उचलायचा त्यांनी चहा द्यायचा. जेसीबी नाही. दोन वाशांना दोर, दोरात दगड, चार खांदे. त्यातले दोन वरच्या आळीचे, दोन खालच्या. ज्या गावाची पालखीच्या पहिल्या खांद्यावरून डोकी फुटली, त्या गावात सकाळी सहाला माणसं रांगेत उभी राहून खांदा कधी मिळतो याची वाट बघत होती. मी दारातून बघत होते. चांगलंच चाललं होतं. तेच तर सोसवत नव्हतं.

आमचे हे हसून म्हणाले, दगडांवर सवत आली तुला. मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही, आणि ते विसरून नाही.

दगड आले. सगळे देवळापुढे आडवे पडले, आणि भाऊजी माझ्याकडे आले. मी ओट्याशी होते. कप त्यांच्या हातात दिला. टेबलावर पुस्तकं, वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांनी जागा बघून कप टेकवला.

“वैनी, दगडं तर आनली,” ते म्हणाले. “पर कोन कुटं उबा हुता त्ये कुनाला सांगता येईना. तुमच्याकडं वही हाय म्हनत्यात.”

मी म्हणाले, “होती. माळ्यावर कुठे तरी असेल. शोधावी लागेल.”

“आन् सायेब यायच्यात पुढल्या सोमवारी, खात्याचं. जागंची नोंद करायला. धुवायचं बिवायचं कसं, त्ये जरा येऊन सांगा की आमाला.”

मी म्हणाले, “तुमचं चाललंय तसं चालू द्या. मला कशाला मध्ये घालता?”

त्यांनी चहा संपवला, बरं म्हणाले आणि गेले. त्यांनी कप उचलला तेव्हा मी पाहिलं. तो ज्याच्यावर ठेवला होता तीच ती वही होती. कव्हरवर चहाचा गोल वळ उमटला होता. मी फडकं घेतलं, पण तो निघाला नाही.

बुधवारी सकाळी मी सातारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते. देवळापाशी तीनचाकी टेम्पो थांबला होता आणि त्यातून ऑइलपेंटचे डबे उतरत होते. काळा, लाल, पांढरा. सोबत ब्रश आणि खरवडायला पत्र्याचे तुकडे. मी एका नजरेत ओळखलं काय होणार ते. आमच्या फौजी मंडळींना पलटणीतली रीत ठाऊक. साहेब तपासणीला येणार म्हटलं की झाडाच्या बुंध्याला गेरू-चुना आणि वाटेकडेच्या दगडालाही रंग. त्यात अनादर काही नाही, उलट हाच त्यांचा मान. आणि जुन्या दगडाला ऑइलपेंट लावला की काय होतं हे त्या गावात फक्त मला माहीत होतं. ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात. रंगाआधी पत्र्यानं खरवडलं तर अक्षरं त्या पत्र्याबरोबरच जातात.

चार पावलं चालायची होती. ‘थांबा’ म्हणायचं होतं. भाऊजी तिथेच उभे होते, त्यांनी हात करून रामराम घातला. मी मान हलवली आणि एसटीत चढले. खिडकीशी बसून मनात म्हटलं, करू दे. साहेब येतील तेव्हा कळेल कुणाला किती समजतं ते. हे शब्द माझेच आहेत, इतके स्पष्ट की आजही ऐकू येतात.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी गुडघा दुखतो म्हणून घरात मूग गिळून बसले. मेथी निवडली, पापड वाळवले. आमचे हे एकदा जाऊन बघून आले आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहून म्हणाले, तू जाऊन ये एकदा. मी गेले नाही.

सोमवारी गेले. दगड उभे केले होते, पण उंचीप्रमाणे. उजवीकडे सगळ्यात उंच, डावीकडे सगळ्यात बुटका, परेडला उभे करतात तसे. एकाच झटापटीत पडलेले तिघे बावीस वर्षं मी शेजारी शेजारी पाहिले होते, ते आता तीन ठिकाणी होते. सगळे काळेभोर, तुळतुळीत. वीरांना लाल रंग, अप्सरांना पांढरा. अक्षरांचा दगड मधोमध. ट्रॉलीच्या पाठीमागे नावं रंगवणाऱ्या पेंटरनं अक्षरांत पांढरा रंग भरला होता, जिथे कळलं नाही तिथे आपल्या मनानं वळणं पुरी केली होती. दोन्ही आळ्यांतली माणसं धुतलेले कपडे घालून उभी होती. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. ते बघून मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंदही होता.

साहेब आले. गाडीतून उतरले आणि एकेका दगडापुढून चालत गेले. मग त्यांनी विचारलं, “हे कुणी केलं?”

भाऊजी पाय जुळवून उभे राहिले. “मी केलं, सर. हुकूम माझा हुता.”

साहेबांनी दगडाच्या कडेला बोट लावलं. रंगाखाली पत्र्याचे ओरखडे दिसत होते. ते रागावले नाहीत, पण जे बोलले ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाले, रंग काढता येईल, वेळ लागेल. पण खालची एक ओळ खरवडून गेली आहे आणि वरच्या ओळींतलं खरं कुठलं आणि पेंटरचं कुठलं हे आता सांगता यायचं नाही. लेखाशिवाय, जागा बदललेले, रंगवलेले दगड म्हणून नोंद काय करू? मग गर्दीकडे बघून म्हणाले, “याचा जुना ठसा, फोटो, काही कुणाकडे आहे का?”

मी मागे बायकांत होते. गावात एकाला तरी माझ्याकडे वळून पाहायचं सुचेल असं वाटलं, आणि पाहिलंही काहींनी. भाऊजींनी पाहिलं नाही. आपण वैनीला विचारलं होतं, वैनीनं सांगितलं नाही, हे त्यांना तिथे सांगता आलं असतं. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर. त्यांची मान समोरच राहिली.

मी घरी गेले. वही टेबलावरच होती. आणून भाऊजींच्या हातात दिली आणि म्हणाले, “सापडली.”

त्यांनी कव्हरवरचा चहाचा वळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि वही साहेबांना दिली.

पुढचं सगळं त्या वहीवर झालं. नकाशाप्रमाणे दगड पुन्हा आपापल्या जागी गेले, पुन्हा दोन-दोन खांद्यांनी. खात्यानं रंग काढणारी एक मुलगी पाठवली. ती दोन महिने गावात राहिली, औषधात भिजवलेला कापूस लावून रंग सोडवत. तिनं दोन्ही आळ्यांतल्या बायका हाताशी घेतल्या. ज्या बायका भांडणानंतर पाणवठ्यावर एकमेकींकडे बघत नव्हत्या त्या एकाच वीराचे दोन पाय दोन बाजूंनी पुसत बसायच्या. नोंद झाली. त्यानंतरच्या चैत्रात जत्रा भरली. पहिला खांदा कुणाचा हा प्रश्न भाऊजींनी सोडवला नाही, तो आपोआप सुटला. ज्यांनी दगड उचलले होते त्यांच्यातलेच चौघे पुढे झाले आणि कुणी काही बोललं नाही.

जत्रेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. सगळे ‘बाईंची वही’ म्हणत होते. बावीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती. भाऊजी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मला शालीत घाम फुटला.

अक्षरांच्या दगडाची खालची ओळ आता फक्त माझ्या वहीत आहे. दगडावर तिथे खरवडलेला पट्टा आहे आणि एका खोलगट जागी पांढरा रंग राहून गेला आहे, तो काही केल्या निघाला नाही. खोटं कशाला बोलू, ती ओळ आता माझ्याशिवाय कुठेच नाही, या विचारानं मला एकदा बरं वाटलं होतं. एकदाच. पण वाटलं होतं.

लोक बघायला येतात. भाऊजी बहुतेक तिथेच असतात, झाडलोट करतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा पांढरा डाग कसला? आणि भाऊजी दर वेळी सांगतात, माजी चूक झाली, मी रंगवून घेतलं. किती सहज सांगतात. सांगून झालं की पुढच्या दगडाकडे वळतात. मी शेजारी उभी असते. आधी त्यांच्या बोलण्याचा हेवा वाटायचा, मग त्यांच्या मानाचा. आता फक्त या एका वाक्याचा वाटतो. माझ्याच्यानं ते निघत नव्हतं.

गेल्या महिन्यात तासगावकडच्या एका गावातली पंधरा-वीस माणसं आली. त्यांच्याकडेही असेच दगड, असंच भांडण होऊन गेलेलं, आता मिटवायचं म्हणून आमचं गाव बघायला आलेली. त्यांच्यात एक वयस्क बाई होती. तिनं सगळे दगड हात न लावता पाहिले. अक्षरांच्या दगडापाशी थांबली, डागाकडे बोट केलं आणि विचारलं, ह्ये काय झालं? मग म्हणाली, आमच्यात बी रंगाचं डबं आनून ठिवल्यात, म्हनून इचारलं.

भाऊजींनी घसा साफ केला. “त्ये माजी चूक—”

“थांबा भाऊजी,” मी म्हणाले.

ते थांबले. ती बाई माझ्याकडे बघू लागली. तिच्या मागची माणसंही वळली, आणि आमच्या गावातले चार-पाच जणही.

“रंग आला तेव्हा मी डबे पाहिले होते,” मी म्हणाले. “काय होणार ते मला ठाऊक होतं. यांनी मला घरी येऊन विचारलं होतं. मी सांगितलं नाही. यांचं नाव होतंय आणि माझं होत नाही म्हणून सांगितलं नाही. तुमचे डबे परत करून टाका.”

त्या बाईनं मान हलवली. भाऊजी झाडू घेऊन देवळाच्या मागच्या बाजूला गेले.

हा माणूस माझं घेतो म्हणून मी दीड वर्ष जळले. माझी गोष्ट, माझे दगड, माझा मान. त्यातलं खरंच माझं असं एकच होतं, ते त्यांनी न मागता उचललं होतं आणि रोज वाहत होते. त्या दिवशी मी ते परत घेतलं.